चोवीस खुर्च्या, एक फळा

४ ऑक्टोबर

आज आमच्या संस्थेच्या चिटणीसांनी मला समोर बसवून सांगितलं की वाचनालय महिनाअखेर बंद होणार. रिकामा कप बाजूला सरकवावा, तितक्या सहज सांगितलं. हॉल एका कुरिअर कंपनीला गोदामासाठी हवा आहे. चिटणीसांचं म्हणणं असं की आपल्या चोवीस खुर्च्यांपैकी तेवीस रिकाम्या असतात आणि चोविसाव्या खुर्चीवरचे आजोबा झोपलेले असतात. हे खोटं नाही. आजोबा सकाळी येतात, निधनाच्या बातम्या वाचतात, ‘आज ओळखीचं कोणी नाही’ असं समाधानाने म्हणतात आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपतात.

मला इथे ग्रंथपाल म्हणून लागून दोन महिनेही झाले नाहीत. घरातली मी पहिली पदवीधर, आणि पहिल्याच नोकरीत कुलूप लावायचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, महिनाअखेरच्या सभेपर्यंत मुदत द्या. चिटणीस कागद सारखे करत म्हणाले, “मुदत घेऊन काय करणार? वाचक काय कुंडीत लावले की उगवतात?” मी म्हटलं, सभेच्या संध्याकाळी चोवीसच्या चोवीस खुर्च्या भरलेल्या दाखवीन. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि खरोखरच ठराव लिहिला, की सभेच्या दिवशी सर्व खुर्च्या भरलेल्या आढळल्यास वाचनालय चालू ठेवावे. अध्यक्षबाईंची सहीही आणली. माझी चेष्टा करत होते की काय, कळलं नाही. मिशीमुळे त्या माणसाचं काहीच कळत नाही.

घरी सांगितलं. आई लगेच म्हणाली, मामाच्या ऑफिसात फोन घ्यायला मुलगी हवीच आहे. बाबा जेवत राहिले. गॅरेजमधून आलं की ते बोलण्याइतके उरलेलेच नसतात.

मी फोन घ्यायला शिकले नाही. एवढंच लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर

युक्ती सुचली! दाराबाहेर भिंतीवर एक मोठा फळा आहे. पूर्वी त्यावर ठळक बातम्या लिहायचे. तो पुसून काढला.

कॉलेजात आम्ही अक्षरांच्या ठोकळ्यांचा इंग्रजी शब्दखेळ खेळायचो. मी त्यात पक्की होते, कारण मी अवघड अक्षरांचे शब्दच पाठ करून ठेवले होते. झेडचे, क्यूचे, एक्सचे. मैत्रिणी हातात झेड आला की कपाळाला हात लावायच्या आणि मी मनात हसायचे. तर आता फळ्यावर रोज एक अक्षर गोलात लिहायचं आणि खाली लिहायचं, हे अक्षर असलेला इंग्रजी शब्द सांगा. लोक थांबतील, विचार करतील, शब्दकोश बघायला आत येतील आणि बसतील. बसले की वाचतील.

नियमही ठरवले. शब्द किमान सहा अक्षरी हवा. शब्दकोशात हवा. फालतू नको. लोकांना खाली उतरून भेटण्यापेक्षा त्यांना वर बोलवावं, असं माझं मत आहे.

पहिलं अक्षर झेड. नमुना म्हणून वाऱ्याच्या झुळकेसाठी एक सुंदर जुना शब्द आहे, ‘झेफिर’, तो लिहिला.

८ ऑक्टोबर

तीन दिवसांत फळ्यावर एकच भर पडली. ‘गॅस शेगडी दुरुस्त करून मिळेल’ आणि फोन नंबर.

समोरच्या सलूनवाल्या काकांना विचारलं, तुम्ही का नाही लिहीत? ते गिऱ्हाइकाच्या मानेवरून केस झटकत म्हणाले, “शब्दताई, आमचं इंग्रजी नववीतच आम्हाला सोडून गेलं. परत काही आलं नाही.” गिऱ्हाईक हसलं, तशी काकांनी त्याची मान सरळ केली.

लोकांना झुळूक माहीत नाही असं नाही. शब्दांची भीती आहे. ती घालवणं माझं काम आहे. उद्यापासून नियम फळ्यावर ठळक अक्षरांत लिहीन, म्हणजे गोंधळ होणार नाही.

९ ऑक्टोबर

नियम ठळक लिहिले. कोणी फिरकलं नाही.

चिटणीस मात्र आले. फळ्यासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे होते. मी विचारलं, काही काम होतं का? म्हणाले, “पाहणी.” कालचं अक्षर कोणतं होतं तेही विचारलं. नोंदीसाठी हवं होतं म्हणे. हा माणूस माझ्या चुका गोळा करतो आहे. करू दे.

११ ऑक्टोबर

आज एक्स. जेवताना बाबांना विचारलं, एक्स असलेला एखादा शब्द सांगा ना. बाबा म्हणाले, “आपल्याला कुठलं गं इंग्रजी.” मला वाईट वाटलं. इतकी वर्षं राबून त्यांनी मला शिकवलं आणि स्वतःसाठी एक शब्दसुद्धा ठेवला नाही.

मग ते आईला दिवसभराचं सांगू लागले. कोणाच्या तरी गाडीचा ॲक्सल गेला होता, तो काढायचा तर एक्झॉस्टचा पाइप आडवा येत होता, आणि मालकाने बॉक्स पाना कुठे ठेवला ते कोणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, भात घ्या अजून. मी माझ्या शब्दांच्याच विचारात होते. एक्स हे अक्षर माणसांपासून किती दूर आहे, असं वाटत राहिलं.

१२ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

लोकांना रुची यावी म्हणून मी फळ्यावर पुन्हा झेड लिहिला होता. दुपारी सलून रिकामं होतं. काका वस्तरा पुसत दारात उभे होते, शेजारच्या टपरीवरून इस्त्रीवाल्या मावशी बाटलीतून कपड्यांवर पाणी फवारत होत्या. मी हट्टाने म्हटलं, झेडचा एक तरी शब्द सांगाच. काका म्हणाले, झेड आमच्याकडे कुठला. मी म्हटलं, अहो, तुमच्या हातात आहे तो.

“हा? हा रेझर.”

“मग?”

“मग काय? ते इंग्रजी कुठे आहे? ते दुकानातलं आहे.”

तेवढ्यात मावशी हसून म्हणाल्या, असं असेल तर आमच्या बाटलीचं नोझलपण लिही पोरी, रोज तुंबतं. मी खडू घेऊन फळ्याकडे धावले. रेझर लिहिला, नोझल लिहिला. नोझलमध्ये तर दोन झेड आहेत. ते मी दोघांना दाखवलं. मावशी बाटली उलटसुलट करून बघायला लागल्या, जणू ते दोन झेड तिच्यावरच कुठेतरी चिकटलेले असावेत. काका आत जाऊन आरशाखालच्या फळीवरच्या सगळ्या वस्तू निरखायला लागले आणि आतूनच एकेक विचारत राहिले, हे चालेल का, ते चालेल का.

आणि मग मला कालचं जेवण आठवलं. ॲक्सल. एक्झॉस्ट. बॉक्स. बाबांच्या एका घासात तीन एक्स होते, आणि मी समोर बसून ते माणसांपासून दूर आहेत असं या वहीत लिहिलं!

यांना वाटतं की इंग्रजी म्हणजे जे आपल्याला येत नाही ते. जे येतं ते गाडीचं, दुकानातलं, बाटलीचं. ते आपलंच. त्यात चूक तरी काय म्हणायची? चूक माझी आहे. सहा अक्षरांचा नियम पुसला. त्या जागी लिहिलं, ‘आपापल्या कामातला शब्द आणा.’

घरी आल्यावर बाबांना सांगितलं की तुम्ही काल एक्सचे तीन शब्द बोललात. ते म्हणाले, “ते काय इंग्रजी आहे? ते गाडीचं आहे.”

१६ ऑक्टोबर

फळा पुरत नाही. औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने एक्सच्या दिवशी येऊन ‘एक्स-रे’ लिहिलं आणि वर म्हणाला, आमच्याकडे अजून आहेत पण तुमच्या फळ्याला झेपणार नाहीत. मावशी रोज सकाळी आधी विचारतात, आज काय काढलंयस? अक्षर कळलं की दिवसभर इस्त्री करता करता शोधतात आणि सापडला की रस्त्यापलीकडून ओरडून सांगतात. काल एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी ठेवून काका बाहेर आले, कारण त्यांना जे असलेला ‘जेल’ आठवला होता. गिऱ्हाईकही फेसासकट मागे आलं. म्हणालं, कोणता जेल, केसांना लावायचा की आत बसायचा? दोन्ही विचारात घेतले. आत बसायचा निघाला.

जेच्याच दिवशी सकाळी मी यायच्या आधी फळ्यावर कोणीतरी तीन शब्द लिहून गेलं होतं. मेजॉरिटी, ऑब्जेक्शन, सब्जेक्ट. बारीक, तिरकं, रेषेवर बसवल्यासारखं अक्षर. कॉलेजचा एखादा हुशार मुलगा असणार. असे वाचक आपल्याला हवेतच.

आज झेडवरून भांडण पेटलं. वायरमनने ‘फ्यूज’ लिहिला. कंपाउंडर म्हणाला, त्यात झेड नाही. वायरमन म्हणाला, मी रोज बसवतो आणि तू मला सांगतोस? आवाज इतके चढले की आजोबा जागे झाले. मी दोघांना म्हटलं, आत या, शब्दकोशात बघू. दोघेही उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. शेवटी मीच शब्दकोश दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला. वाचनालयाबाहेर तो कधी गेला असेल असं वाटत नाही. मावशींनी इस्त्रीचं टेबल रिकामं करून दिलं. फ्यूजमध्ये झेड निघाला नाही. वायरमन पान बघत म्हणाला, “मग पुस्तकाचाच फ्यूज उडालाय.”

सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला जाणवलं की गेल्या दोन महिन्यांत मी या दारात हसले नव्हते.

१९ ऑक्टोबर

रविवार असूनही चिटणीस आले. हातात भाजीची पिशवी होती. गर्दीत मागे उभे राहिले. सगळे पांगल्यावर मला म्हणाले, “बाहेर तुमचं ठीक चाललंय. आत किती बसले?”

मी वळून बघितलं. आजोबा. बाकी तेवीस खुर्च्या जशाच्या तशा होत्या.

“ठराव खुर्च्यांचा आहे,” ते म्हणाले. जाताना त्यांच्या अंगठ्याला खडू लागलेला दिसला. फळा कोरडा आहे का ओला, हेही बोट लावून तपासतात वाटतं.

बरोबर आहे त्यांचं. मी गर्दी जमवली, पण ती रस्त्याची गर्दी आहे, वाचनालयाची नाही. उद्या फळा काढून आत लावते. ज्यांना खेळायचं असेल ते आत येतील.

२१ ऑक्टोबर

आले नाहीत.

सुताराकडून फळा उतरवून आतल्या भिंतीवर ‘शांतता राखा’ या पाटीखाली लावला. अक्षर डब्ल्यू. काका दारापर्यंत आले, चप्पल काढावी का नको अशा विचारात उभे राहिले, आणि परत गेले. मावशींनी खिडकीतून डोकावून बघितलं आणि हात हलवला, जसा दवाखान्यातल्या रुग्णाला बघून हलवतात.

संध्याकाळी मी रागानेच काकांना विचारलं. दहा पावलांवर तर दार आहे. काका कंगवा धूत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “तिथे पाटी आहे. आमचं सगळं तोंडाने चालतं, शब्दताई. गप्प राहून मला माझं नावसुद्धा आठवत नाही.” मावशी म्हणाल्या, आत गेलं की नेमका खोकला येतो. आणि खोकला आला की सगळे बघतात. कोण बघतं, मी विचारलं, आत तर कोणीच नसतं. “तेच तर,” मावशी म्हणाल्या.

मला हे पटलं नाही. शांतता वाचनाची माती आहे. ती पाटी माझ्या आधीपासून आहे, कदाचित आजोबांच्याही आधीपासून. कोणीतरी मोठ्या विचाराने लावली असेल.

घरी बाबांना म्हटलं, निदान तुम्ही तरी या. पाच वाजता गॅरेज सुटतं, वाटेवरच आहे. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. नखांच्या कडांना आणि रेषांत काळं बसलेलं. म्हणाले, “ग्रीस निघत नाही. पानाला लागलं म्हणजे?” मी म्हटलं, पुस्तकं काही काचेची नसतात. त्यांनी पंजे मागे घेतले. यायचं नसलं की माणसाला कारण सापडतंच. मीही तेच करते, म्हणून ओळखता येतं.

२३ ऑक्टोबर

मामाचा फोन आला. पहिल्या तारखेपासून ये म्हणाले. आई दारात उभी राहून मी काय बोलते ते ऐकत होती. मी महिनाअखेर सांगते म्हटलं. आईने नंतर विचारलं, तुझ्या या फळ्याने पोट भरणार आहे का? पण हेही खरं की आईने आज सकाळी पाणी भरताना ‘बकेट’मध्ये के आहे का विचारलं होतं. मी आहे म्हटल्यावर ती बादलीत बघून म्हणाली, “मग आपण उगाच बादली म्हणतो.”

२४ ऑक्टोबर

आज सकाळी बाहेर काका आणि कंपाउंडर यांचं जुनंच काहीतरी चाललं होतं. व्ही असलेला शब्द. काका म्हणत होते शेव्हिंग, कंपाउंडर म्हणत होता त्यापेक्षा सलाइनची व्हेन मोठी. फळा आत, आणि ते बाहेर फळ्याशिवायच भांडत होते. भिंतीवर फळ्याची चौकोनी फिकट जागा उरली होती, तिच्यासमोर उभे राहून.

मी आत टेबलाशी बसून ऐकत होते. तेवढ्यात मागे खरखर आवाज आला. आजोबा उठले होते. त्यांनी स्वतःची खुर्ची फरशीवरून ओढत दारापर्यंत नेली, उंबऱ्याबाहेर ठेवली आणि बसले. म्हणाले, “आतून नीट ऐकू येत नाही म्हणून.” मग काकांना म्हणाले, “व्हेनला कोण विचारतो रे? व्हॉल्व्ह घे. दोन व्ही आहेत.”

ज्या माणसासाठी मी शांतता जपत होते, तो माणूस शांततेला कंटाळून झोपत होता.

सुताराला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, बाई, तुमचं एकदा काय ते ठरवा, खिळ्यांनी भिंत चाळण झाली. मी म्हटलं, ठरलं. फळा बाहेर लावा. आणि माझ्या मनात जे आहे ते त्यालाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मीच घाबरले असते.

२८ ऑक्टोबर

काका, मावशी, कंपाउंडर, वायरमन, सगळ्यांना सांगून ठेवलं. तीस तारखेला, सभेच्या दिवशी, पाच वाजता. मावशी त्यांच्या दोन्ही सुनांना आणणार आहेत. एकीला म्हणे इंग्रजी येतं, पण ती उगाच सांगत नाही. वायरमन त्याच्या जोडीदारांना आणेल. पुन्हा पुन्हा जुळवून बघितलं, आजोबा धरून तेवीस होतात. चोविसावी खुर्ची बाबांची.

त्यांना परत विचारलं. “बघू,” म्हणाले. बाबांचं ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. पण बहुतेक वेळा, नेहमी नाही.

तीसचं अक्षर क्यू. सर्वांत अवघड. सोपं अक्षर देऊन जिंकायचं असेल तर जिंकण्यात अर्थ नाही.

३० ऑक्टोबर

चार वाजता मी पहिली खुर्ची उचलून बाहेर आणली आणि फुटपाथवर फळ्यासमोर ठेवली. दुसरी आणायला वळले तर वायरमन दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन येत होता. त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. सगळ्या खुर्च्या बाहेर. काकांनी सलूनचा दिवा बाहेर वळवला. मावशींनी इस्त्रीच्या टेबलावर शब्दकोश ठेवला, खाली धुतलेली चादर अंथरून.

पाच वाजता सगळे बसले. चोविसावी खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर माझी ओढणी ठेवली.

सव्वापाचला अध्यक्षबाई आल्या, मागे चिटणीस. त्यांनी आधी आत डोकावलं, रिकामा हॉल बघितला, मग आमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, हे काय आहे? मी सगळं सांगितलं. एकही वाक्य गाळलं नाही. त्या म्हणाल्या, हे लोक तर वाचनालयात नाहीत. आणि मग, ती एक तर रिकामीच दिसते.

मी म्हटलं, माझे वडील यायचे आहेत. त्या म्हणाल्या, वाट किती बघायची? मी रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. गॅरेज सुटून वेळ झाला होता. मालकाने ऐन वेळी कसलं तरी काम काढलं असणार, दुसरं काय.

चोवीस खुर्च्या असलेल्या त्या फुटपाथवर पहिल्यांदाच खरी शांतता होती.

मग चिटणीस घसा साफ करून म्हणाले, “ठरावात ‘आत’ असा शब्द नाही, बाई. ठराव मीच लिहिला आहे.” पुढे आले, माझी ओढणी उचलून घडी करून माझ्या हातात दिली, आणि चोविसाव्या खुर्चीवर बसले. बसल्यावर म्हणाले, “आणि क्यूचा शब्द माझ्याकडे सकाळपासून आहे. कोरम.”

काकांनी विचारलं, ते काय असतं? चिटणीस म्हणाले, सभेला पुरेशी माणसं जमली की तो होतो. तीस वर्षं मी दर सभेत तो मोजतो. बहुतेक वेळा होत नाही.

“मग आज?” मावशींनी विचारलं.

चिटणीसांनी मान वळवून सगळ्या खुर्च्या एकदा मोजल्या. मोजायची गरज नव्हती. “आज झाला,” ते म्हणाले, उठून फळ्याकडे गेले आणि बारीक, तिरक्या, रेषेवर बसवल्यासारख्या अक्षरात शब्द लिहिला. मी त्या अक्षराकडे बघतच राहिले. नंतर अध्यक्षबाई काय म्हणाल्या ते मला शब्दशः आठवत नाही. वाचनालय चालू ठेवण्याच्या नोंदीवर त्यांनी सही केली एवढं खरं. आणि पर्समध्ये पेन ठेवताना ‘क्वालिटी’ चालेल का, असं हळूच विचारलं.

बाबा आले ते त्यानंतर. स्वच्छ सदरा, केस ओले, आणि हात कोपरापर्यंत लालभडक, भाजल्यासारखे. मी विचारलं, हाताला काय झालं? काही नाही म्हणाले. खुर्ची एकही रिकामी नव्हती. चिटणीस उठायला लागले, तर बाबांनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने, सगळे क्यूपाशी अडले होते तेव्हा, मागून त्यांचा आवाज आला. “टॉर्क असतो का त्यात?”

मलाही खात्री नव्हती. म्हटलं, तुम्हीच बघा. ते टेबलापाशी आले. पान मी उघडून दिलं. बोट टेकवू का, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, आणि एकाच बोटाच्या टोकाने ओळीवरून खाली खाली येत गेले. शब्दावर आल्यावर थांबले. त्यात क्यू होता.

“म्हणजे हेपण इंग्रजी,” बाबा म्हणाले. मग थोडा विचार करून, “असू दे. गाडीचंपण आहे.”

३१ ऑक्टोबर

सकाळी मामाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आई तेव्हा मोरीत कुरकुरत होती. साबणाची नवी वडी काल काढली आणि एका संध्याकाळीत निम्मी झाली म्हणे, या घरात साबण कोण खातं कळत नाही. मी घाईत होते, लक्ष दिलं नाही.

वाचनालय उघडल्यावर आधी शब्दकोशातलं कालचं पान काढून बघितलं. उजेडात धरून बघितलं. बाबांच्या बोटाचा कुठेही डाग नाही. का कोण जाणे, थोडा असता तर बरं वाटलं असतं.

बाबा घरातून निघताना चप्पल घालता घालता विचारत होते, आज कोणतं अक्षर? मी सांगितलं नाही. म्हटलं, येताना बघा. खुर्च्या बाहेरच आहेत.